मद्य, वेग आणि वाहनचालकाचे हक्क

गेल्या उन्हाळ्यांत एका लग्नाच्या निमित्तानें प्रस्तुत लेखक कांहीं आप्तमंडळींसह भाड्याच्या जीपगाडीनें लातुराहून नांदेडकडे चालला होता. रात्र झाली होती. वाटेंत एका ढाब्यापाशीं चालकानें गाडी थांबविली, आणि 'आलों पांच मिनिटांत' असें सांगून तो मागल्या बाजूस गेला. पांच मिनिटांचीं पंचवीस मिनिटें झालीं. तो परतला तेव्हां त्याच्या तोंडाचा दर्प गाडीभर पसरला. आंत आम्ही सहा वडील माणसें होतों. आम्हीं एकमेकांकडे पाहिलें, आणि कोणीही एक शब्द बोललें नाहीं. पुढें एका नाक्यावर पोलिसांनीं गाडी अडविली. चालक उतरला, गाडीच्या पलीकडे अंधारांत कांहीं बोलणें झालें, आणि तो लवकरच हंसत परत येऊन बसला. आम्ही सुखरूप पोहोंचलों.

दुसऱ्या दिवशीं माझ्या तेरा वर्षांच्या भाच्यानें मला विचारलें, "मामा, तो ड्रायव्हर प्यालेला होता, तर त्याला सोडलें कां? आणि समजा प्यालेला नसता, तर त्यानें तें पटवून कसें दिलें असतें?" पहिल्या प्रश्नानें मला लाज वाटली, दुसऱ्यानें मी निरुत्तर झालों. इतकीं वर्षें मुलांना शिकविणाऱ्या माणसास रोजच्या रस्त्यावरचा कायदा ठाऊक नसावा, ही गोष्ट मनास लागली. मग मीं तो कायदा काढून वाचला. जें समजलें तें शाळेच्या या वार्षिकांत विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहें. कारण आपल्या किती तरी मुलांचे वडील ट्रक, टेंपो, ऑटोरिक्षा किंवा ऊंसाचा ट्रॅक्टर चालवून संसार चालवितात, आणि बाकीचे आपण सर्व रोज कोणा ना कोणा चालकाच्या हातीं आपला जीव देऊन येजा करीत असतों.

कायद्याविषयीं आपल्याकडे दोन समजुती रूढ आहेत. कोणी म्हणतो कायदा म्हणजे धाक, कोणी म्हणतो कायदा म्हणजे खर्च. मला जो कायदा वाचावयास मिळाला तो या दोहोंहून निराळा आहे. तो मोंढ्यांतील काट्यासारखा आहे. शेतकरी म्हणतो पोतें भरलेलें आहे, आडत्या म्हणतो कमी आहे. पोतें काट्यावर चढलें कीं दोघांचेंही बोलणें संपतें. काटा जसा माल घेणाऱ्याचें रक्षण करतो, तसाच माल आणणाऱ्याचेंही करतो. मद्य व वेग यांविषयींच्या कायद्यांत असाच एक काटा आहे. वाटसराचें रक्षण तो ज्या मापानें करतो, त्याच मापानें चालकाचेंही करतो.

हिंदुस्थानांत मोटारींविषयींचा पहिला सर्वदेशीय कायदा १९१४ सालीं झाला, दुसरा १९३९ सालीं. आज चालू असलेला मोटार वाहन कायदा १९८८ सालचा असून तो १ जुलै १९८९ पासून अमलांत आला. २०१९ सालीं त्यांत मोठी दुरुस्ती झाली. मद्याच्या बाबतींत या कायद्यांनीं केलेला प्रवास बोधप्रद आहे. १९३९ च्या कायद्यांत मुळांत गुन्हा असा होता कीं, गाडीवर नीट ताबा ठेवतां येणार नाहीं इतका अंमल चालकावर चढलेला असावा. 'इतका' म्हणजे किती, हें ठरविणार कोण? पाहणाऱ्याचें मत. पुढें कायदा दुसऱ्या टोकास गेला व रक्तांत मद्याचा अंश कितीही अल्प असला तरी तो गुन्हा ठरला. १९९४ च्या दुरुस्तीनें निश्चित माप घातलें. तेव्हांपासून कलम १८५ असें सांगतें कीं, चालकाच्या दर १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅमपेक्षां अधिक मद्यार्क असतां कामा नये. आणि तो परीक्षेनें आढळला पाहिजे. गांजा किंवा इतर अमली पदार्थाच्या अंमलामुळें गाडीवर ताबा न राहणें हाही याच कलमाखालीं गुन्हा आहे.

हें माप किती लहान आहे तें पहा. १०० मिलिलिटर म्हणजे चहाचा एक लहान कप. ३० मिलिग्रॅम म्हणजे तांदळाच्या एकदीड दाण्याचें वजन. कपभर रक्तांत दीड दाण्याएवढा मद्यार्क, येथें आपला कायदा रेघ ओढतो. इंग्लंडांत १९६७ च्या कायद्यानें ही रेघ ८० मिलिग्रॅमवर ओढली. स्कॉटलंडनें ती २०१४ सालीं ५० वर आणली. आपली रेघ या दोहोंहून कडक आहे. देशी, विदेशी, शिंदी कीं बिअर, हा भेद काटा जाणत नाहीं. तो फक्त मद्यार्क मोजतो.

श्वासावरून रक्त कसें मोजतात, असा प्रश्न विज्ञानाच्या विद्यार्थ्यास पडेल. रक्त फुप्फुसांतून वाहत असतां त्यांतील थोडा मद्यार्क बाष्परूपानें हवेंत उतरतो. फुप्फुसाच्या तळच्या सुमारें २१०० मिलिलिटर हवेंत जितका मद्यार्क असतो, तितकाच १ मिलिलिटर रक्तांत असतो, हें प्रमाण धरून यंत्र हिशेब करतें. अमेरिकेंतील इंडियाना संस्थानांत रॉबर्ट बोर्केन्स्टाईन या गृहस्थांनीं १९५४ सालीं ब्रेथलायझर नांवाचें यंत्र बनविलें. त्यांत नारिंगी रंगाच्या द्रावणाचा रंग मद्यार्कानें पालटे, आणि त्या पालटावरून प्रमाण कळे. मोटारींच्या आरंभकाळीं अशी सोय नव्हती. लंडनमध्यें १० सप्टेंबर १८९७ रोजीं जॉर्ज स्मिथ नांवाच्या टॅक्सीचालकानें दारूच्या नशेंत गाडी एका इमारतीवर घातली. मद्य पिऊन मोटार चालविल्याबद्दल शिक्षा झालेला तो पहिला मनुष्य म्हणून ओळखला जातो. त्यानें आपला गुन्हा कबूल केला म्हणून प्रश्न मिटला. कबूल न करणाऱ्याचें काय, हा प्रश्न पुढें कित्येक वर्षें उरला.

पोटांत गेलेलें मद्य उतरण्यास वेळ लागतो. साधारण मनुष्याच्या रक्तांतून तें दर तासास सुमारें १५ मिलिग्रॅम या मानानें कमी होतें. रात्रीं बारा वाजतां ज्याच्या रक्तांत ९० मिलिग्रॅम आहे, तो पहाटे चारच्या सुमारास कोठें ३० वर येतो. काळा चहा, लिंबू, थंड पाण्याची आंघोळ यांनीं झोंप उडते, मद्य उतरत नाहीं. 'दोन तास पडलों, आतां ठीक आहें' असें म्हणणारा चालक खोटें बोलत असतो असें नव्हे. आपण ठीक आहों असें त्यास खरोखरच वाटतें. मद्य प्रथम नेमकी हीच पारख हिरावून घेतें.

आतां हें माप घेण्याची रीत पाहूं, कारण चालकाचे हक्क या रीतींतच आहेत. कलम २०३ सांगतें कीं, श्वास मागण्याचा अधिकार गणवेषांतील पोलीस अंमलदारास, किंवा मोटार वाहन खात्याच्या अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यास आहे. आणि चालकानें गुन्हा केल्याचा वाजवी संशय त्यास आला पाहिजे. परीक्षा तेथल्या तेथें किंवा जवळपास, आणि शक्य तितक्या लवकर व्हावी. यंत्रानें मद्य दाखविलें तर वॉरंटावांचून अटक करतां येते. फुंकण्यास नकार दिला व संशय साधार असला, तरीही करतां येते. म्हणून 'फुंकूंच नका, मग पुरावा कोठला?' असा सल्ला जे देतात ते चालकाचा घात करतात. कलम २०५ प्रमाणें, सबळ कारणावांचून दिलेला नकार हा न्यायालयांत सरकारपक्षाच्या पुराव्यास पुष्टी देणारा मानतां येतो.

परंतु अटक झाली म्हणजे चालकाचे हक्क संपले असें नाहीं. ठाण्यांत त्यास श्वासपरीक्षेची संधी दिलीच पाहिजे. रक्ताचा नमुना घ्यावयाचा तर तो नोंदणीकृत डॉक्टरानेंच घ्यावयाचा. चालक स्त्री असून डॉक्टर पुरुष असेल, तर दुसरी स्त्री हजर असल्यावांचून तो घेतां येत नाहीं. सर्वांत महत्त्वाची तरतूद कलम २०२ मध्यें आहे. पोलिसासमक्ष कलम १८५ चा गुन्हा केला म्हणून ज्यास अटक झाली, त्याची दोन तासांच्या आंत डॉक्टराकडून तपासणी झाली पाहिजे. न झाल्यास त्यास कोठडींतून सोडलें पाहिजे. ही दोन तासांची अट कोणावर उपकार म्हणून घातलेली नाहीं. वर सांगितल्याप्रमाणें रक्तांतील मद्य तासातासाला घटतें, म्हणून उशीरा घेतलेलें माप दोषी मनुष्यास निर्दोष दाखवूं शकतें. आणि मापच न घेतां कोंडून ठेवलेला मनुष्य निर्दोष असूनही दोषी दिसतो. दोन्ही अन्याय एकाच अटीनें टळतात.

याशिवाय राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदानें प्रत्येक अटक झालेल्या माणसास तीन गोष्टी दिल्या आहेत : अटकेचें कारण समजणें, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला, आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आंत मॅजिस्ट्रेटापुढें हजेरी. त्याच्या घरच्यांस किंवा मित्रास अटकेची खबर देणें हेंही पोलिसांचें कर्तव्य आहे; १९९६ सालच्या डी. के. बसू खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें तें बजावलें, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंतही तें आहे. ज्यास वकील परवडत नाहीं त्यानें धीर सोडूं नये. १९८७ च्या कायद्याप्रमाणें कोठडींत असलेल्या कोणाही मनुष्यास मोफत वकील मिळूं शकतो. नांदेड व लातूर या दोन्ही ठिकाणीं जिल्हा विधि सेवा प्राधिकरण आहे, आणि १५१०० या क्रमांकावर दूरध्वनि करून मदत मागतां येते. हा क्रमांक चालकाच्या घरीं भिंतीवर लिहून ठेवावा.

मापाचें महत्त्व न्यायालयांनीं किती मानलें आहे, याचें एक उदाहरण आपल्याच राज्यांतील आहे. मुंबईंतील एका मोटारचालकाच्या खटल्यांत डॉक्टरांनीं साक्ष दिली कीं, त्याच्या तोंडास मद्याचा वास येत होता, चाल डळमळीत होती, बोलणें असंबद्ध होतें आणि डोळ्यांच्या बाहुल्या विस्तारल्या होत्या. रक्ताची वा लघवीची तपासणी मात्र केलेली नव्हती. १९७१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, केवळ या लक्षणांवरून त्यानें मद्य घेतलें होतें असें निश्चयानें म्हणतां येत नाहीं. कोणास हा निवाडा गुन्हेगारास सूट देणारा वाटेल. परंतु विचार करा : डोक्यास मार लागलेला, मधुमेहानें भोंवळ आलेला, दोन रात्रींचा जागा असलेला चालकही असाच डळमळतो आणि असाच बोलतो.

दुसरें उदाहरण अलीकडचें आहे. १९ मे २०२४ च्या पहाटेपूर्वीं पुण्यांतील कल्याणीनगर भागांत एका भरधाव मोटारीनें दुचाकीस धडक दिली व दुचाकीवरील दोन तरुण अभियंते, एक तरुण आणि एक तरुणी, ठार झाले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता असें पोलिसांनीं सांगितलें. त्याच दिवशीं बाल न्याय मंडळानें त्यास जामीन दिला. जामिनाच्या अटींत अपघातांवर तीनशें शब्दांचा निबंध लिहिण्याची एक अट होती. देशभर संताप उसळला. निबंध तपासण्यांत आयुष्य घालविणाऱ्या आम्हां शिक्षकांस तर ती अट फारच झोंबली. पुढें असें उघड झालें कीं, रक्ताचा नमुना अपघातानंतर कित्येक तासांनीं घेतला गेला होता. आणि तोही बदलण्यांत आला असा आरोप ठेवून पोलिसांनीं डॉक्टरांसह अनेकांस अटक केली. आरोपाचा निवाडा करणें न्यायालयाचें काम आहे. परंतु एवढें आपण समजून घ्यावें कीं, काट्यावर कोणी हात ठेवला तर मेलेल्यांच्या आईबापांस सत्य कधींच कळत नाहीं.

याच प्रकरणांत दुसरीही एक गोष्ट घडली, ती विसरतां कामा नये. लोकक्षोभानंतर त्या मुलास निरीक्षणगृहांत पाठविण्यांत आलें होतें. २५ जून २०२४ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें ते हुकूम बेकायदेशीर ठरवून त्यास सोडलें. लोकांचा राग कितीही न्याय्य असला तरी तो कायद्याच्या रीतीची जागा घेऊं शकत नाहीं, असा त्याचा अर्थ आहे. ज्याच्यावर सर्वांचा रोष आहे त्यासही जो हक्क मिळतो, तोच उद्यां गरीब रिक्षावाल्यास मागतां येतो.

आतां शिक्षेकडे वळूं. कलम १८५ खालीं पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हां केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. २०१९ पूर्वीं पहिला दंड २,००० पर्यंतच होता. येथें पालकांनीं एक भेद ध्यानांत धरावा. कांहीं गुन्ह्यांची तडजोड, म्हणजे ठराविक रक्कम भरून मोकळें होणें, कलम २०० प्रमाणें करतां येते. वेगाचा गुन्हा त्यांत आहे. मद्याचा गुन्हा त्यांत नाहीं. तो न्यायालयांतच जातो. म्हणून नाक्यावर 'इतके द्या आणि जा' असें जर या गुन्ह्याबद्दल कोणी म्हणेल, तर ती तडजोड नव्हे, तो दुसरा गुन्हा आहे, आणि देणाराही त्यांत सांपडतो. परवाना जप्त झाला तर त्याची पावती मिळाली पाहिजे. आणि परवाना तीन महिन्यांसाठीं अपात्र ठरविण्यापूर्वीं चालकाचें म्हणणें ऐकून घेणें परिवहन अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे.

मनुष्य दगावला तर प्रकरण दंडाचें राहत नाहीं. १२ नोव्हेंबर २००६ रोजीं मुंबईंत वांद्र्याच्या कार्टर रोडवर मद्य घेतलेल्या एका तरुणाची मोटार पदपथावर चढली व तेथें झोंपलेले सात मजूर मेले, आठ जखमी झाले. त्याच्या रक्तांतील मद्यार्काचें प्रमाण आपल्या मर्यादेच्या तिपटीहून अधिक होतें. खालच्या न्यायालयानें सहा महिने कैद दिली. उच्च न्यायालयानें हा केवळ निष्काळजीपणा न मानतां सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षें दिलीं, आणि १२ जानेवारी २०१२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती शिक्षा कायम केली. विम्याचीही हीच कथा. मद्याच्या अंमलाखालीं केलेल्या अपघातांत स्वतःच्या गाडीची भरपाई विमा कंपनी नाकारूं शकते. श्वासपरीक्षा झालेली नसली तरी इतर परिस्थितीवरून ती तसें दाखवूं शकते, असें २०२१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें. ज्या गाडीचे हप्ते अजून फिटावयाचे आहेत, तिच्या मालकानें हें वाचून ठेवावें.

मद्य न घेतां होणारा गुन्हा म्हणजे वेग. यांतही माप आहे. ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेनें केंद्रसरकारनें कमाल मर्यादा ठरविल्या. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीस ताशीं १०० किलोमीटर, मोठ्या प्रवासी गाडीस ९०, मालट्रकास व मोटारसायकलीस ८०. इतर रस्त्यांवर मोटारीस ७०, आणि प्रवासी गाडी, मालट्रक व मोटारसायकल यांस ६०. ऑटोरिक्षास ५०. याहून कमी मर्यादा ठरविण्याचा अधिकार राज्यसरकारास आहे. तेथें फलक असतो व तो फलक हाच कायदा. तुळजापुराकडून औसा, लातूर, अहमदपूर, लोहा या वाटेनें नांदेडास येणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग रुंद झाल्यापासून गाड्या भरधाव धांवूं लागल्या आहेत. पण त्याच रस्त्यावर गाळपाच्या हंगामांत रात्रीं ऊंसाच्या ट्रॉल्या असतात, बैलगाड्या असतात, आणि गांवांतून शेताकडे जाणारी माणसें असतात.

वेगाचें गणित आठवींतला मुलगाही करूं शकेल. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत सुमारें एक सेकंद जातो. ताशीं ५० किलोमीटर वेगांत गाडी एका सेकंदांत १४ मीटर जाते, व ब्रेक लागल्यावर कोरड्या चांगल्या रस्त्यावर आणखी सुमारें १४ मीटर. एकूण २८ मीटर, म्हणजे आपल्या खो-खोच्या मैदानाची लांबी. वेग दुप्पट, ताशीं १००, केला तर पहिलें अंतर २८ मीटर होतें, पण दुसरें चौपट, सुमारें ५५ मीटर. एकूण ८३, म्हणजे खो-खोचीं तीन मैदानें. ब्रेक लागल्यानंतरचें अंतर वेगाच्या वर्गानें वाढतें, हा नियम कोणत्याही सरकारनें केलेला नाहीं व कोणासही तो मोडतां येत नाहीं. त्यांत मद्यानें अर्धा सेकंद उशीर झाला, तर आणखी १४ मीटर जातात; आणि रस्ता ओलांडणारें मूल त्या १४ मीटरांत असूं शकतें.

येथेंही चालकाचें रक्षण कायद्यानें केलें आहे. कलम १८३ सांगतें कीं, 'गाडी फार वेगांत होती असें मला वाटलें' एवढ्या एका साक्षीदाराच्या मतावर कोणास वेगाचा दोषी ठरवितां येत नाहीं. तें मत यांत्रिक वा विद्युत् साधनाच्या मापावर आधारलेलें पाहिजे. छायाचित्र काढणाऱ्या यंत्रावरून चलन आलें तर त्यांत गाडीच्या क्रमांकाचें स्पष्ट छायाचित्र, स्थळ, तारीख, वेळ व मोजलेला वेग असला पाहिजे; आणि चूक वाटल्यास चालकास न्यायालयापुढें जाऊन आपली बाजू मांडतां येते. दोष मान्य असेल तर हलक्या वाहनास १,००० ते २,००० आणि मध्यम व जड वाहनास २,००० ते ४,००० रुपये असा दंड कायद्यांत आहे. कागदपत्रें मोबाइलमधील सरकारी डिजिलॉकरांत दाखविलीं तरी चालतात.

याच कलमांत एक अशी तरतूद सांपडली कीं ती वाचून मी थक्क झालों. अमुक वेळांत गाडी पोहोंचलीच पाहिजे असा हुकूम जर मालकानें दिला, किंवा तसें वेळापत्रक छापलें, आणि वेगमर्यादा मोडल्यावांचून तें शक्य नाहीं असें न्यायालयास वाटलें, तर तो हुकूम हाच मालकाविरुद्ध प्रथमदर्शनीं पुरावा होतो. म्हणजे कायद्याची नजर फक्त चाकामागें बसलेल्या गरीब माणसावर नाहीं. 'पहाटे चारच्या आंत पोहोंचव, नाहीं तर भाडें कापीन' असें म्हणणारा मालकही त्या गाडींत बसलेलाच आहे. मद्याच्या गुन्ह्यासही कलम १८८ नें असेंच जोडलें आहे : त्यास चिथावणी वा साहाय्य देणाऱ्यास तीच शिक्षा.

पालकांस एक कलम विशेष सांगावयाचें आहे. परवाना अठरा वर्षांनंतरच मिळतो. फक्त ५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या लहान इंजिनाची मोटारसायकल सोळाव्या वर्षीं परवान्यासह चालवितां येते. कलम १९९-अ प्रमाणें अल्पवयी मुलानें गाडी चालवून गुन्हा केला तर त्याचा पालक अथवा गाडीचा मालक दोषी मानला जातो : तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या मुलास पंचविसावें वर्ष लागेपर्यंत परवाना मिळत नाहीं. 'माझ्या नकळत नेली' किंवा 'मीं पुरी खबरदारी घेतली होती' हें सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावर आहे. शिकवणीस उशीर होतो म्हणून नववीच्या मुलाच्या हातीं आपण किल्ली देतों, तेव्हां त्याच्या पुढल्या दहा वर्षांची किल्ली आपण पणास लावतों.

अपघात झालाच तर चालकाचें पहिलें कर्तव्य पळणें नव्हे. जखमीस दवाखान्यांत पोहोंचविणें, व चोवीस तासांच्या आंत पोलिसांस खबर देणें, असें कलम १३४ सांगतें. जमावाच्या संतापामुळें तेथें थांबणें शक्य नसेल तर तेवढ्यापुरती सवलत आहे. ठाण्यांत जाऊन खबर देण्याच्या कर्तव्यांत मात्र सवलत नाहीं. आणि वाटेनें जाणाऱ्या आपण सर्वांनीं निर्भय असावें. कलम १३४-अ नें सद्भावनेनें मदत करणाऱ्यास संरक्षण दिलें आहे. आपलें नांव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करतां येत नाहीं.

भाच्यास मीं उत्तर दिलें तें असें. तो चालक सुटला, कारण त्या रात्रीं माप घेतलेंच गेलें नाहीं. तो प्यालेला नसता तर त्यास सोडविणारीही तीच गोष्ट होती, तें माप. अंधारांतल्या व्यवहारानें दोषी मनुष्य पुन्हां रस्त्यावर येतो, आणि उद्यां निर्दोष मनुष्यास आपलें निर्दोषत्व विकत घ्यावें लागतें. ज्यास काटा नको असतो त्यास दोघांकडूनही मिळकत होते.

त्यानें सर्व ऐकून घेतलें व म्हणाला, "पण मामा, तुम्ही सहा जण होतां." यास कायद्याच्या पुस्तकांत उत्तर नव्हतें. कायद्याच्या दृष्टीनें आम्ही गुन्हेगार नव्हतों. पण आमच्यापैकीं एकानें 'बाबा, येथेंच थांबूं, तूं झोंप, सकाळीं जाऊं' एवढें म्हटलें असतें, तर पोलिसांची गरज पडली नसती. लग्नघरीं वऱ्हाड पंगतीस बसतें, आणि ज्याच्या हातीं सर्वांचे प्राण त्या चालकास कोणी 'जेवलास का' असें विचारीत नाहीं, निजावयास खाट देत नाहीं. मग तो ढाब्याच्या मागल्या बाजूस जातो.

तेव्हांपासून आमच्या घरीं एक नियम झाला आहे. गाडी ठरवितांना पोहोंचण्याची वेळ आम्ही बांधून घेत नाहीं. चालक आमच्याच पंगतींत जेवतो. आणि रात्र झाली तर त्याची खाट आधीं पडते. गेल्या महिन्यांत उदगीरहून परततांना रात्र झाली. 'अजून दोन तासांत नेऊन सोडतों' असें चालक म्हणाला. भाच्यानें माझ्याकडे पाहिलें. आम्ही वाटेंतल्या गांवीं एका नातेवाइकाकडे उतरलों, आणि सकाळीं उजाडल्यावर निघालों.